उंदरांची विचारपूस

गणेशोत्सवाच्या अंकात संपादकांनी माझ्या नावानं एक चौकट छापली होती : 'बाप्पाच्या वाहनाबद्दल काहीही विचारा.' पत्रांचा ढीग आला आणि निम्म्या पत्रांत एकच मागणी, उंदीर घालवायचा खात्रीचा उपाय सांगा. आता मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेचं ॲनिमल हाऊस सांभाळलेली बाई. माझी उमेद उंदीर मारण्यात नाही, वाढवण्यात गेली! तरी जमेल तसं सांगते.

आधी एक खुलासा. खाली मी 'घरउंदीर' म्हणते तो पंधरा-वीस ग्रॅम वजनाचा, कपाटामागे राहणारा पिटुकला. माळ्यावर धाडधाड धावणारा मोठा उंदीर वेगळा, अंगण पोखरणारी घूस वेगळी. आणि भिंतीच्या कडेकडेनं चिकचिक करत जाणारी चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नाही. ती किडे खाते, तिला मारू नका.

ताई, मी मूळची कोल्हापूरची, लग्नानंतर स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असते. परवा इथं ओट्याखाली उंदीर निघाला, अगदी आपल्याकडच्यासारखा. हा तोच का? इतक्या थंडीत हा आला कुठून? — एक वाचक, ॲबर्डीन

जात तीच, मुस मस्क्युलस. घराणं मात्र दुसरं. तुझ्या ओट्याखालचा 'डोमेस्टिकस' घराण्यातला, कोल्हापुरातला 'कॅस्टेनियस' घराण्यातला. 'मस्क्युलस' हे तिसरं घराणं पूर्व युरोपापासून थेट उत्तर चीनपर्यंत पसरलंय. काही लाख वर्षांपूर्वी तिघं वेगळे झाले. त्यांचं मूळ गाव इराण, पाकिस्तान आणि उत्तर भारत या पट्ट्यात असावं असं जनुकांवरून दिसतं. म्हणजे माहेरच्या दिशेनं पाहिलं तर तुझा पाहुणा तुझ्याच बाजूचा.

तो आला माणसाच्या मागोमाग. आपल्याला वाटतं, माणसानं शेती केली, कणगी भरली, मग उंदीर आला. पण आजच्या इस्रायलमधल्या ऐन मल्लाहा इथल्या वस्तीत सापडलेले उंदरांचे दात वेगळंच सांगतात. तिथं साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वी, शेतीच्या कितीतरी आधी, शिकारी माणसं एका जागी जास्त दिवस राहायला लागली होती. त्या मातीच्या थरांत दोन जातींचे दात मिळतात : लांब शेपटीचा आपला घरउंदीर आणि आखूड शेपटीचा रानातला. माणसांचा मुक्काम लांबला की घरउंदीर वाढतो. माणसं पुन्हा भटकायला लागली की रानातला परततो. दाढांच्या आकारावरून माणसाच्या मुक्कामाचा हिशेब लावणं, ही मला या सगळ्या शास्त्रातली सर्वात देखणी युक्ती वाटते.

पुढचा प्रवास गलबतांचा. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथं सव्वातीन हजार वर्षांहून जुनं, बुडालेलं व्यापारी जहाज सापडलं. त्याच्या मालात उंदराचा जबडाही निघाला. भाडं न भरलेला उतारू. तुमच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या उंदरांत नॉर्वेतल्या उंदरांशी जुळणारी आईकडची जनुकं सापडतात. ते व्हायकिंगांच्या होड्यांतून आले. याच्या उलट गोष्ट सेंट किल्डाची. पश्चिमेच्या त्या एकाकी बेटावरची उरलेली 36 माणसं 1930च्या ऑगस्टमध्ये कायमची मुख्य भूमीवर हलवली. तिथल्या घरउंदराला चूल बंद झालेली सोसली नाही, थोड्याच काळात तो नामशेष झाला. त्याच बेटावरचा रानउंदीर मात्र आजही मजेत आहे.

तुझ्या ओट्याखालच्यानं आणि कोल्हापूरच्यानं लग्न केलं तर, असंही तू विचारलंयस. पिल्लं होतील. पण अशी दूरची घराणी जुळली की पुढच्या पिढीत अडचण येऊ शकते, विशेषतः नरांत. डेन्मार्कपासून बल्गेरियापर्यंत युरोपात डोमेस्टिकस आणि मस्क्युलस यांची सीमा आहे, अवघी काही किलोमीटर रुंदीची. तिथं पहारा नाही, कुंपण नाही, तरी दोघं एकमेकांत पूर्ण मिसळत नाहीत, कारण मिश्र नरांची प्रजननक्षमता घटते. यामागचं एक जनुक, पीआरडीएम9, प्रागच्या शास्त्रज्ञांनी 2009 साली शोधलं. सस्तन प्राण्यांत दोन घराण्यांमध्ये भिंत घालणारं हे पहिलं सापडलेलं जनुक.

मॅडम, दुकानातून औषधाची वडी आणून ठेवते. उंदीर ती कुरतडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! शेजारीण म्हणते, आता त्यांना विष पचतं. खरं का? — गृहिणी, इचलकरंजी

शेजारणीचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. पण आधी हे बघा, या वड्या खाल्ल्याबरोबर मारण्यासाठी केलेल्याच नसतात. त्यांतलं औषध रक्त गोठू देत नाही आणि परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात. मुद्दाम तसं ठेवलंय. खाऊन लगेच एकाला त्रास झाला तर बाकीचे वडीला तोंड लावणार नाहीत. तेव्हा 'दुसऱ्या दिवशी हजर' हा पुरावा नव्हे.

या घराण्यातलं पहिलं औषध वॉरफरिन. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये सडकं गवत खाऊन गाई रक्तस्रावानं मरत होत्या, त्याचं कारण शोधताना ते हाती लागलं आणि 1948पासून उंदरांवर वापरात आलं. हृदयाची झडप बदललेल्या आजोबांना डॉक्टर रोज मोजून देतात ती गोळीही हीच, बरं का. रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व शरीर पुन्हा पुन्हा वापरतं. ते ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीनं, त्यालाच हे औषध बांधून टाकतं. आता त्या विकराच्या जनुकात, व्हीकेओआरसी1मध्ये, एखादं अक्षर बदललं की औषधाची पकड सुटते आणि उंदीर वडी खाऊन ढेकर देतो. विष वापरत राहिलं की नेमके असेच उंदीर उरतात, त्यांचीच पिल्लं वाढतात. 'पचायला लागतं' ते एका उंदराला नव्हे, पिढीला.

युरोपातल्या उंदरांनी तर कमाल केली. 2011 साली स्पेन आणि जर्मनीतल्या घरउंदरांत हे जनुक तपासलं, तर अनेकांत ते त्यांचं स्वतःचं नव्हतंच! ते होतं अल्जेरियन उंदराचं. हा स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतला रानात राहणारा, पंधरा लाख वर्षांहून आधी वेगळा झालेला, चांगला परका प्राणी. दोघांच्या संकरातले नर वांझ निघतात, पण माद्यांपैकी काही माजावर येतात, त्यांना पिल्लं होतात. त्या माद्यांच्या वाटेनं जनुक घरउंदरांत शिरलं आणि विषाच्या भीतीनं टिकून जर्मनीपर्यंत पसरलं, जिथं अल्जेरियन उंदीर मुळात राहतच नाही. माणसानं विष पेरलं आणि उंदरांनी परक्या कुळातून उतारा मिळवला.

तुमच्या घरात करायचं काय? घरउंदीर एका जागी पोटभर जेवत नाही, रात्रभर वीस-वीस ठिकाणी जरा जरा चाखतो. एक मोठी वडी मधोमध ठेवण्यापेक्षा छोटे तुकडे भिंतीलगत अनेक जागी ठेवा. लेंड्या पाहा : तांदळाच्या दाण्याएवढ्या टोकदार असतील तर घरउंदीर, चांगल्या हरभऱ्याएवढ्या जाड असतील तर मोठा उंदीर, आणि मग सगळाच बेत बदलतो. माझं विचाराल तर विषापेक्षा भोकं बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून हा गृहस्थ आत येतो, तेव्हा नळाच्या पाइपाभोवती तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावा. पिंजऱ्यात शेंगदाण्याची चिक्की लावा, चीजपेक्षा सरस. चिकट पुठ्ठे आणू नका. त्यावर चिकटलेला जीव तासन्‌तास तडफडतो, मला ते बघवत नाही. आणि मूल किंवा कुत्रं वडी चाटून बसलं तर घरगुती उपाय न करता वेष्टणासकट डॉक्टर गाठा. याला के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, तो वेळेत मिळायला हवा.

प्रयोगासाठी पांढरे उंदीर वापरतात असं पाठ्यपुस्तकात आहे. पांढरेच का? गोदामातले पकडून का चालत नाही? — बी.एस्सी. द्वितीय वर्ष, लातूर

पुस्तकातलं चित्र पांढरं असलं तरी जगात सर्वाधिक वापरला जाणारा प्रयोगशाळेतला उंदीर काळा कुळकुळीत आहे. त्याचं नाव सी57 ब्लॅक 6. नावातच त्याची जन्मकथा आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी गावी ॲबी लेथ्रॉप नावाच्या शाळामास्तरीणबाई होत्या. नोकरी सोडून त्यांनी कोंबड्या पाळल्या, धंदा बुडाला, मग हौशी लोकांना विकायला उंदीर पाळायला लागल्या. त्या काळी युरोप-अमेरिकेत नाना रंगांचे उंदीर पाळायचं वेडच होतं. जपान-चीनकडून आलेले, कानातल्या दोषामुळे गरगर फिरणारे 'नाचरे' उंदीरही त्यात होते. बाईंनी नोंदी चोख ठेवल्या. काही उंदरांना गाठी येतात हे पाहून त्यांनी शास्त्रज्ञांना पत्रं धाडली, आणि पुढं लिओ लोब या वैद्यकशास्त्रज्ञाबरोबर कर्करोगावर निबंधही छापले. हार्वर्डचे संशोधक त्यांच्याकडूनच उंदीर नेत. क्लॅरेन्स कुक लिटलनं 1921 साली त्यांच्या क्रमांक 57च्या मादीपासून जो वंश चालवला, तोच हा सी57.

याच लिटलनं विद्यार्थी असताना, 1909 साली, सख्ख्या भावाबहिणींची जोडी पिढ्यान्‌पिढ्या लावायला सुरुवात केली. पुष्कळांना वाटलं, असा वंश खुरटून बुडेल. बुडाला नाही. त्यातून डीबीए हा पहिला शुद्ध वंश उभा राहिला. सलग वीस पिढ्या अशा गेल्या की दोन उंदरांत जवळजवळ काही फरक उरत नाही, सगळे जणू जुळे. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. गोदामातल्या प्रत्येक उंदराचं जनुकीय दैव वेगळं. औषध देऊन दहांतले सहा वाचले तर ते औषधानं की जन्मजात, हे कळायचं कसं? वंश शुद्ध असेल तर प्रश्न मिटतो. मेनमध्ये काम केलेल्याला आणि मुंबईत काम केलेल्याला एकाच प्राण्याबद्दल बोलता येतं. हे मेन म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्यातली, बार हार्बर इथली जॅक्सन प्रयोगशाळा, लिटलनंच 1929मध्ये काढलेली. 1947च्या वणव्यात ती जळाली, हजारो उंदीर गेले. तेव्हा जिथं जिथं त्यांचे वंश पाठवले होते तिथून लोकांनी जोड्या परत दिल्या. या परस्परांच्या देण्याघेण्यावरच आमचं अख्खं क्षेत्र चालतं.

पण शुद्ध म्हणजे निर्दोष नव्हे. प्रत्येक वंशाच्या खोडी असतात, आणि त्या ॲनिमल हाऊसमध्ये राहिल्याशिवाय कळत नाहीत. डीबीएची पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना मोठ्या आवाजानं झटके येऊन मरतात. म्हणून आमच्याकडे त्या खोलीत किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सक्त मनाई होती आणि नवा शिपाई आला की पहिला धडा तोच. सी3एच दूध सुटायच्या सुमारासच आंधळा होतो, कारण डोळ्याच्या पडद्याचं एक जनुक बिघडलेलं. काळ्या सी57मध्ये दादागिरी करणारा पिंजऱ्यातल्या बाकीच्यांच्या मिशा कुरतडून टाकतो, सोमवारी सकाळी निम्मा पिंजरा तुळतुळीत. शिवाय हा पठ्ठ्या दारूमिश्रित पाणी आवडीनं पितो, शेजारचा डीबीए तोंड फिरवतो. 'उंदरावर प्रयोग केला' असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या?

सी3एचच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग होई. बार हार्बरच्या जॉन बिटनरनं 1936मध्ये दाखवलं की अशा आईची पिल्लं जन्मतःच दुसऱ्या निरोगी वंशाच्या आईच्या अंगावर पाजली तर त्यांच्यातलं कर्करोगाचं प्रमाण खूप घटतं. म्हणजे दोष केवळ रक्तातला नव्हता, दुधातून जात होता. पुढं तो विषाणू निघाला. मुंबईत परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी कर्करोग, संप्रेरकं आणि विषाणू यांचा संबंध उंदरांच्या वंशांवरच तपासला. पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या या बाईंचं नाव तुमच्या पुस्तकात नसेल तर प्राध्यापकांना विचार, का नाही?

उरला पांढरा रंग. तो एकाच जनुकातल्या बिघाडानं येतो. रंगद्रव्य तयार करणारा विकरच चालत नाही. याच जनुकाशी ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे.बी.एस. हाल्डेन यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांनी बहीण नाओमी आणि मित्र स्प्रंट यांच्याबरोबर ऑक्सफर्डमध्ये उंदीर पाळले आणि पांढरेपणा व गुलाबी डोळ्यांचा फिका रंग ही दोन लक्षणं बऱ्याचदा एकत्र वारशानं जातात, म्हणजे त्यांची जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी असावीत, हे दाखवलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांतलं अशा जोडणीचं हे पहिलंवहिलं काम, 1915 सालचं. महायुद्ध सुरू होतं. स्प्रंट लढाईत मारला गेला, हाल्डेननी लेखाचा काही भाग फ्रान्समधल्या खंदकात लिहिला. सस्तन प्राण्यांत मिश्र संतती वांझ निघालीच तर बहुधा नर निघतात, हा वर अल्जेरियन उंदरांत दिसला तो नियमही त्यांचाच, 1922चा. 1957मध्ये ते कलकत्त्याला आले, भारताचे नागरिक झाले, धोतर-कुर्त्यात वावरले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. तुला हवं तर त्यांना आपला उंदीरशास्त्रज्ञ म्हण, मी म्हणते.

वर्तमानपत्रात दर महिन्याला 'उंदरांमध्ये कर्करोग बरा, लठ्ठपणा गायब' अशा बातम्या असतात. मग आम्हाला औषध का मिळत नाही? उंदीर आणि माणूस एकच म्हणायचं का? — निवृत्त शिक्षक, वाई

गुरुजी, जनुकांची यादी पाहाल तर फार जवळचे. सी57चा जनुकीय आराखडा डिसेंबर 2002मध्ये प्रसिद्ध झाला. अडीचशे कोटी अक्षरांचा. त्याच्या 99 टक्के जनुकांचा जोडीदार माणसात सापडतो. गुणसूत्रं त्याची 40, आपली 46. तेच साहित्य वेगळ्या पिशव्यांत भरलेलं. पण यादी सारखी म्हणजे जेवण सारखं नव्हे.

लठ्ठपणाचंच घ्या, कारण त्या बातम्या मी जास्त वाचते. जॅक्सन प्रयोगशाळेत 1949च्या सुमारास काही पिल्लं चेंडूसारखी फुगायला लागली, नेहमीच्या उंदराच्या तिप्पट वजनाची. तिथलेच डग्लस कोलमन यांनी असा उंदीर दुसऱ्याच्या रक्ताभिसरणाशी जोडून दाखवलं की याच्या रक्तात भूक थांबवणारं काहीतरी कमी आहे. ते काहीतरी, लेप्टिन, जेफ्री फ्रीडमन यांनी 1994मध्ये शोधलं. फुग्या उंदराला लेप्टिन टोचलं की तो बारीक होई. मथळे गाजले. 1997मध्ये इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबात तशीच नात्यातली दोन मुलं सापडली, आठ वर्षांची मुलगी 86 किलो! जनुकात तोच बिघाड. लेप्टिन दिल्यावर मुलीची भूक आवरली, वजन उतरलं. उंदरानं सांगितलेलं अक्षरशः खरं ठरलं.

आणि तुमच्या-माझ्यासारख्या वजनदारांना? काही उपयोग नाही. आपल्या रक्तात लेप्टिन कमी नसतंच, उलट चरबीच्या प्रमाणात भरपूर असतं. मेंदूच त्याचं ऐकेनासा होतो. तेव्हा बातमी खोटी नव्हती. ती जगातल्या मोजक्या मुलांसाठी खरी होती आणि छापली सगळ्यांसाठी.

दुसरी गोष्ट घरातलीच म्हणा. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण 22 अंशांवर ठेवतात, कारण डगला घातलेल्या माणसांना ते बरं वाटतं. त्या जिवाला सुखाचं तापमान तिशीच्या आसपास. म्हणजे तो जन्मभर जरा कुडकुडतच असतो, आणि कुडकुडणाऱ्याची चयापचय वेगळी चालते. शिवाय तो इतका स्वच्छ वाढतो की त्याची प्रतिकारशक्ती नवजात बाळासारखी राहते. 2016 साली अमेरिकेत अशा उंदरांच्या पिंजऱ्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानातले उंदीर सोडले. काही दगावले, पण जगले त्यांची प्रतिकारशक्ती प्रौढ माणसाच्या जवळ आली. आम्ही जन्मभर पिंजरे निर्जंतुक करत बसलो, आणि तरुण मंडळी आता विचारतात, थोडी घाण हवी होती का? मला हा प्रश्न आवडतो.

पुढच्या वेळी तशी बातमी आली तर तीनच गोष्टी शोधा : किती वंशांवर केलं, नर-मादी दोन्हींवर केलं का, आणि रोग आपसूक झाला होता की मुद्दाम लावला. तिन्ही नसतील तर चहा घ्या आणि खेळाचं पान वाचा.

आजी, उंदीर एकमेकांशी बोलतात का? आमची मनी रिकाम्या कोपऱ्याकडे तासभर बघत बसते. — इयत्ता पाचवी, फोंडा

बोलतात, आणि नर तर गातातसुद्धा! मादीच्या मूत्राचा वास आला की नर सूर लावतो आणि काही तुकडे पुन्हा पुन्हा म्हणतो; 2005 साली दोन शास्त्रज्ञांनी ते सूर ध्वनिमुद्रित करून, आवाज खाली उतरवून ऐकले, तेव्हा ते पाखराच्या गाण्यासारखे निघाले. घरट्याबाहेर पडलेलं उघडंबोडकं पिल्लूही आईला हाक मारतं, ती येऊन तोंडात धरून नेते. तुला यातलं काही ऐकू येणार नाही, कारण माणसाचे कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतच चालतात आणि उंदरांचे सूर बहुतेक त्याच्या वरचे. मनीचे कान आपल्यापेक्षा कितीतरी वरपर्यंत चालतात. तेव्हा कोपरा रिकामा आहे असं समजू नकोस. बाबांना कपाट सरकवायला सांग.